सहावी ते आठवी: शाळेतील वातावरणाची काळजी वाटू लागल्यास पालकांनी काय करावे

विदर्भातील शाळा उन्हामुळे उर्वरित महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जूनच्या अखेरीस सुरू होतात, आणि पहिली घटक चाचणी होईपर्यंत नागपुरातील सहावी-सातवीच्या पालकांच्या बोलण्यात एक वाक्य हमखास येऊ लागते: ‘शाळेचे वातावरण बिघडले आहे.’ ही काळजी बहुतेक वेळा निराधार नसते. मात्र एवढेच वाक्य घेऊन मुख्याध्यापकांसमोर बसलेल्या पालकांच्या हाती सहसा ‘आम्ही लक्ष घालू’ या आश्वासनापलीकडे काही लागत नाही, कारण वातावरणावर कारवाई करता येत नाही. ती करता येते अमुक ठिकाणी, अमुक वेळी, अमुक मुलांमध्ये घडलेल्या गोष्टीवर. म्हणून या लेखाचा आग्रह असा आहे की, एखाद्या मुलाला शिक्षा व्हावी ही मागणी घेऊन शाळेत जाण्याऐवजी, मोठ्यांची नजर नसलेली जागा आणि वेळ शोधून तेथे नजर ठेवली जावी, ही मागणी पालकांनी न्यावी. शिक्षेने एक मूल काही दिवस गप्प बसते, आणि जागा तशीच राहिली तर दुसरे मूल तिचा ताबा घेते.

आपल्याकडच्या शाळांची रचनाही ध्यानात घ्यावी लागते. अनेक मराठी माध्यमाच्या शाळांत चौथीपर्यंतची प्राथमिक शाळा वेगळी आणि पाचवी ते दहावी एका आवारात असते. त्यामुळे दहा-अकरा वर्षांचे मूल एकदम पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांमध्ये येऊन पडते. काही शाळा दोन पाळ्यांत भरतात. बारावीपर्यंतच्या मोठ्या इंग्रजी शाळांत मुले शहराच्या चारही टोकांहून, बेसा-मनीषनगरपासून काटोल रोडपर्यंत, व्हॅन आणि बसने येतात आणि दिवसातला मोठा वेळ शाळेच्या भिंतींबाहेरच एकमेकांच्या सहवासात काढतात.

पहिली पायरी: काळजी नेमकी कशाची, हे ठरवावे

मुलगा ‘का बे’ म्हणू लागला, घरात हिंदीची वाक्ये येऊ लागली, मुलीच्या मैत्रिणींचा गट दर महिन्याला बदलू लागला, वर्गात कोणाचे नाव कोणाशी तरी जोडून चिडवले जाऊ लागले, यांपैकी बरेचसे या वयाचे आहे आणि काही या शहराचे आहे. पुण्या-मुंबईहून बदली होऊन आलेल्या पालकांना ‘बे’ ऐकून धक्का बसतो. इथल्या मैदानावर ते साधे संबोधन आहे. अशा गोष्टींवर घरी बोलावे, नापसंती सांगावी, पण त्या घेऊन शाळेत जाऊ नये. पालक प्रत्येक गोष्टीची तक्रार करू लागले की शाळा त्यांच्या गंभीर तक्रारीकडेही त्याच नजरेने पाहते.

दुसरा प्रकार त्रासाचा. तो ओळखण्यासाठी तीन प्रश्न पुरतात: हे पुन्हा पुन्हा घडते का, दोन्ही बाजूंची ताकद सारखी आहे का, आणि मूल ‘नको’ म्हणाल्यावर ते थांबते का. रोज डबा हिसकावणे, खाऊचे पैसे काढून घेणे, वजनावरून, रंगावरून किंवा दातांवरून ठेवलेले नाव वर्षभर चालवणे, वाढदिवसाच्या ‘बर्थडे बम्प्स’च्या नावाखाली लाथा घालणे, एखाद्या मुलीशी कोणी बोलायचे नाही असे ठरवून टाकणे, हे सारे यात येते. यातील शेवटचा प्रकार मोठ्यांना सर्वांत किरकोळ वाटतो आणि मुलांना बहुधा सर्वांत जास्त लागतो. शिवाय त्याचा पुरावाही मागे राहत नाही.

याच प्रकारातील एका गोष्टीवर पालकसभेत कोणी उघड बोलत नाही, ती म्हणजे आडनाव. आडनावावरून जात ताडण्याची मोठ्यांची सवय मुले फार लवकर उचलतात, आणि सहावी-सातवीपर्यंत ‘तुझे पूर्ण नाव काय’ हा प्रश्न वर्गात साधा राहत नाही. शिक्षण हक्क कायद्यानुसार (आरटीई) खासगी शाळांत प्रवेशाच्या पहिल्या वर्गात २५ टक्के जागांवर वंचित व दुर्बल घटकांतील मुलांना प्रवेश मिळतो. पहिलीत हा फरक मुलांच्या गावीही नसतो. सहावीत सहलीचे शुल्क, स्नेहसंमेलनाचा पोशाख आणि बुटांची कंपनी यांतून तो दिसू लागतो. अशा मुलांशी भेदभाव होणार नाही याची काळजी घेणे हे त्या कायद्यानेच शासनाचे आणि स्थानिक प्राधिकरणाचे कर्तव्य ठरवले आहे. एखाद्या शिक्षकाने वर्गात ‘आरटीईवाले उभे राहा’ असे म्हटले, तर ती तक्रार मुलांविरुद्धची नसून शाळेविरुद्धची आहे. याच कायद्याच्या कलम १७ मध्ये शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळालाही मनाई आहे.

तिसऱ्या प्रकारात नको असलेला स्पर्श, आक्षेपार्ह छायाचित्रे, शस्त्राची धमकी आणि नशेच्या पदार्थांची देवाणघेवाण येते. येथे पुढच्या पायऱ्यांची वाट न पाहता थेट सातव्या पायरीकडे जावे.

दुसरी पायरी: मुलाकडून माहिती काढावी, कबुलीजबाब नव्हे

‘तुला शाळेत कोणी त्रास देते का?’ या प्रश्नाचे उत्तर या वयात जवळजवळ नेहमी ‘नाही’ असेच येते. त्याऐवजी दिवसाचा नकाशा काढावा: ऑटोत कोण कुठे बसते, पहिल्या तासाआधी वर्ग कोण उघडते, डबा कोणासोबत खाल्ला, खेळाच्या तासाला गट कोणी पाडले, शाळा सुटल्यावर फाटकाबाहेर किती वेळ उभे राहावे लागते. मूल ज्या टप्प्यावर घाई करून पुढे सरकते किंवा एका शब्दात उत्तर देते, तो टप्पा लक्षात ठेवावा आणि त्याच दिवशी तेथे खोदू नये. असे बोलणे समोरासमोर बसून होत नाही. गाडीवर मागे बसलेले किंवा भाजी निवडताना शेजारी असलेले मूल जास्त बोलते.

शब्दांखेरीज काही खुणा असतात. डबा भरलेला परत येणे किंवा याउलट घरी आल्याबरोबर भुकेने तुटून पडणे, शाळेत दिवसभर स्वच्छतागृहात न जाणे, कंपासपेटी वारंवार हरवणे, सोमवारी सकाळी पोटात दुखणे आणि रविवारी दुपारी काहीच नसणे, कारण न सांगता पैसे मागणे यांपैकी एखादी खूण एकदा दिसली म्हणून घाबरण्याचे कारण नाही, मात्र दोन-तीन खुणा सलग दोन आठवडे दिसल्या तर चौकशी करावी.

‘मी कोणाला सांगणार नाही’ असे वचन मुलाला देऊ नये, कारण ते मोडावे लागू शकते. त्याऐवजी ‘तुला सांगितल्याशिवाय मी कोणाकडे जाणार नाही’ असे म्हणावे आणि ते पाळावे. मूल बोलले की समोरच्या मुलाच्या घरी त्याच रात्री फोन लावण्याचा मोह फार होतो, तो आवरावा. त्या फोनमधून दोन कुटुंबांचे भांडण उभे राहते आणि दुसऱ्या दिवशी त्याचा हिशेब आपल्या मुलाकडून वसूल होतो.

तिसरी पायरी: नोंद ठेवावी

एक साधी वही पुरते. तारीख, वार, अंदाजे वेळ, जागा, काय घडले, कोणी पाहिले, आपल्या मुलाने त्यावर काय केले, आणि मोठ्या माणसाला कळले असल्यास त्याने काय केले, एवढे प्रत्येक प्रसंगाखाली लिहावे. मुलाने सांगितलेले शब्द त्याच्याच भाषेत, शिवीसकट, लिहावेत. ‘अपशब्द वापरले’ या वाक्यातून शाळेला काही कळत नाही. आपला तर्क आणि मुलाचे सांगणे वेगळे ठेवावे. चार-पाच नोंदी झाल्या की एक गोष्ट पुढे येते, आणि ती बहुधा जागेची असते: सगळे प्रसंग एकाच जिन्यावर किंवा एकाच व्हॅनमध्ये घडलेले असतात.

मोबाईलवरील मजकुराचे स्क्रीनशॉट तारीख, वेळ आणि खात्याचे नाव दिसेल असे घ्यावेत. मात्र एखाद्या मुलाचे किंवा मुलीचे अश्लील छायाचित्र असेल, तर ते पुरावा म्हणूनसुद्धा कोणाला पुढे पाठवू नये, वर्गशिक्षकांनाही नाही. अल्पवयीन मुलांचे असे चित्र साठवणे किंवा प्रसारित करणे हा माहिती तंत्रज्ञान कायद्यातील कलम ६७ ब खाली गुन्हा आहे. ज्या फोनवर ते आले तो फोन घेऊन पोलिसांकडे जावे.

चौथी पायरी: नजर नसलेल्या जागा शोधाव्यात

वर्गात, तास सुरू असताना, फारसे काही घडत नाही. जे घडते ते तासांच्या मधल्या फटींत.

सर्वांत मोठी फट म्हणजे ऑटो आणि व्हॅन. शाळेच्या बससाठी राज्यात २०११ ची नियमावली आहे आणि तीत शाळा पातळीवरील परिवहन समितीची तरतूद आहे. त्यामुळे शाळेच्या बसमधील प्रकाराबद्दल शाळा हात झटकू शकत नाही. पालकांनी मिळून लावलेल्या ऑटोबाबत मात्र शाळा ‘तो आमचा नाही’ असे म्हणते, आणि त्यात तथ्य असते. तेथे उपाय पालकांच्याच हातात आहे. त्या ऑटोतील मुलांच्या पालकांनी एकदा एकत्र बसून ऑटोवाल्या काकांशी बोलावे, बसण्याच्या जागा ठरवून द्याव्यात, लहान मुलांना काकांच्या नजरेसमोर बसवावे, मोठी मुले आधी उतरतील असा मार्ग शक्य असल्यास करावा, आणि मुले कोंबून भरली जात असतील तर जास्तीचे पैसे देऊन ती कमी करावीत. गर्दीत धक्काबुक्की आणि नको तो स्पर्श दोन्ही लपतात. काकांना पोलीस व्हायला सांगू नये. भांडण झाले तर ऑटो थांबवून पालकांना फोन करावा, एवढीच अपेक्षा स्पष्ट करावी.

मधल्या सुट्टीत शिक्षक स्वतःचा डबा खात असतात, आणि त्यांनी तो खाऊच नये असे म्हणणे अन्यायाचे होईल. मात्र पाळीपाळीने दोन शिक्षकांनी मैदानावर आणि जिन्याजवळ असणे अशक्य नाही. स्वच्छतागृहाच्या दारापाशी मावशी किंवा शिपाई त्या वीस मिनिटांत हजर असावा. दोन पाळ्यांच्या शाळेत एक पाळी सुटून दुसरी भरताना फाटकाशी होणारी गर्दी ही वेगळी जागा आहे, कारण त्या वेळी मुले कोणत्याच वर्गशिक्षकाच्या ताब्यात नसतात. मार्च-एप्रिलमध्ये सकाळची शाळा सुरू झाली की हे सारे वेळापत्रक बदलते आणि जुलैत ठरलेली देखरेख आपोआप गळून पडते. तेव्हा पुन्हा विचारावे लागते.

फाटकाबाहेरचा पानठेला हा नागपूरचा स्वतःचा प्रश्न आहे. खर्रा, म्हणजे सुपारीचा चुरा, तंबाखू आणि चुना प्लास्टिकमध्ये घोटून केलेले मिश्रण, आपल्याकडे इतक्या उघडपणे चालतो की घरातील मोठ्यांनाच मुलांसाठी तो खरोखरचा धोका वाटत नाही. मुलांपर्यंत तो आठवी-नववीच्या मुलांमार्फत येतो: आधी ‘आणून दे’, मग ‘थोडा घेऊन बघ’. दप्तराच्या बाहेरच्या कप्प्यातील प्लास्टिकचे चुरगळलेले तुकडे, सतत थुंकणे, तिखट खाताना तोंडात आग होणे, जांभई देताना तोंड पूर्ण न उघडणे या खुणा पाहाव्यात. शेवटच्या दोन खुणा दिसल्या तर वेळ न घालवता शासकीय दंत महाविद्यालयात दाखवावे. २००३ च्या तंबाखू नियंत्रण कायद्यानुसार शैक्षणिक संस्थेपासून १०० यार्डांच्या आत तंबाखूजन्य पदार्थ विकण्यास, तसेच कोठेही १८ वर्षांखालील व्यक्तीस ते विकण्यास बंदी आहे. बाल न्याय कायद्याच्या कलम ७७ खाली मुलाला तंबाखू देणाऱ्यास सात वर्षांपर्यंत कारावास आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. ठेलेवाल्याशी एकट्या पालकाने वाद घालू नये. आठ-दहा पालकांच्या सह्यांचा अर्ज पोलीस ठाण्यात आणि अन्न व औषध प्रशासनाच्या कार्यालयात द्यावा आणि त्याची प्रत शाळेला द्यावी.

शेवटची जागा मोबाईल. व्हॉट्सॲप आणि इन्स्टाग्राम दोन्हींची किमान वयोमर्यादा १३ वर्षे आहे. म्हणजे सहावीतल्या बहुतेक मुलांची खाती खोट्या जन्मतारखेवर किंवा आईवडिलांच्या क्रमांकावर चालतात. वर्गाचा मुलांनी बनवलेला गट रात्री नऊनंतर काय बोलतो, हे पाहिल्याशिवाय शाळेतील भांडणाचे मूळ सापडत नाही. फोन रात्री स्वयंपाकघरात चार्जिंगला लावण्याचा नियम मोठ्यांसह सगळ्या घराला लावला तरच टिकतो.

पाचवी पायरी: शाळेशी बोलावे, मग लिहून द्यावे

सुरुवात वर्गशिक्षकांपासून करावी, आणि तीही फाटकावर उभे राहून नव्हे, तर वेळ मागून. वही सोबत असावी. त्यांना ‘तुमच्या वर्गात असे चालते’ असे सुनावण्याऐवजी ‘हे प्रसंग या जागी घडले आहेत, तुमच्या कानावर काही आले आहे का’ असे विचारावे. वर्गशिक्षकांना बरेचदा निम्मी गोष्ट आधीच माहीत असते. दहा-बारा दिवस द्यावेत. बदल झाला नाही तर मुख्याध्यापकांना लेखी अर्ज द्यावा. दोन प्रती न्याव्यात, एकीवर शाळेचा शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्यावा. ही पोच पुढे प्रत्येक ठिकाणी विचारली जाते. अर्जाचा नमुना असा:

‘माननीय मुख्याध्यापक, विषय: इयत्ता सातवी ब च्या विद्यार्थ्यांवर मधल्या सुट्टीत देखरेख ठेवण्याबाबत. महोदय, माझा पाल्य इयत्ता सातवी ब मध्ये शिकतो. गेल्या तीन आठवड्यांत मधल्या सुट्टीत, दुसऱ्या मजल्यावरील स्वच्छतागृहाबाहेर, त्याच्याकडील पैसे वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांनी चार वेळा काढून घेतले. तारखा व तपशील सोबत जोडले आहेत. वर्गशिक्षकांशी याबाबत बोलणे झाले आहे. विनंती अशी की, मधल्या सुट्टीत त्या मजल्यावर एक जबाबदार व्यक्ती नेमावी, संबंधित विद्यार्थ्यांशी त्यांच्या पालकांच्या उपस्थितीत बोलावे, आणि केलेल्या उपाययोजनेची माहिती मला १५ दिवसांत लेखी द्यावी. या तक्रारीमुळे माझ्या पाल्याला त्रास होणार नाही याची काळजी घ्यावी.’

अर्जात दुसऱ्या मुलांची नावे लिहावीत की नाही, यावर मतभेद आहेत. माझ्या मते ती मुख्याध्यापकांना तोंडी सांगावीत आणि अर्जात वर्ग, वेळ व जागा लिहावी. कागद अनेक हातांतून जातो आणि समोरचेही मूलच असते.

सहावी पायरी: समित्यांचा उपयोग करावा

जिल्हा परिषदेच्या, महानगरपालिकेच्या आणि अनुदानित शाळांत शिक्षण हक्क कायद्यानुसार शाळा व्यवस्थापन समिती असते. तीत किमान तीन-चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या महिला असाव्या लागतात. खासगी शाळांत राज्याच्या २०११ च्या शुल्क विनियमन कायद्यानुसार पालक-शिक्षक संघ स्थापन होतो आणि त्याची कार्यकारी समिती इच्छुक पालकांमधून सोडत काढून निवडली जाते. ती शुल्कासाठी आहे असे सांगून शाळा सुरक्षेचा विषय टाळू पाहते, म्हणून तो सभेच्या विषयपत्रिकेत आधी लेखी घालून घ्यावा. राज्य शासनाने २०२२ मध्ये शाळांत मुलामुलींच्या सुरक्षेसाठी सखी सावित्री समिती स्थापन करण्याचा निर्णय घेतला. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेतील लहान मुलींवरील लैंगिक अत्याचाराची घटना उघड झाल्यावर ही समिती, तक्रारपेटी आणि सीसीटीव्ही यांबाबत शाळांना पुन्हा निर्देश देण्यात आले. आपल्या शाळेत या समितीत कोण आहे, तक्रारपेटी कोणासमोर आणि किती दिवसांनी उघडली जाते, हे विचारावे. पेटी कार्यालयाच्या दारात टांगलेली असेल, तर सगळ्यांच्या देखत तीत कोणतेही मूल चिठ्ठी टाकणार नाही.

सातवी पायरी: शाळेबाहेर केव्हा जावे

शाळेने दिलेल्या मुदतीत काहीच केले नाही, तर पोचेची प्रत जोडून जिल्हा परिषदेच्या शिक्षणाधिकाऱ्यांकडे अर्ज करावा. आपली शाळा प्राथमिक की माध्यमिक शिक्षणाधिकाऱ्यांच्या अखत्यारीत येते, हे आधी विचारून घ्यावे. महानगरपालिकेच्या शाळेसाठी महापालिकेचा शिक्षण विभाग गाठावा.

लैंगिक स्वरूपाचा कोणताही प्रकार असेल, तर शाळेची परवानगी किंवा अंतर्गत चौकशी यांची वाट पाहू नये. मुलांवरील लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या २०१२ च्या पॉक्सो कायद्याच्या कलम १९ नुसार असा प्रकार माहीत असलेल्या प्रत्येकावर तो पोलिसांना कळवण्याचे बंधन आहे, आणि संस्थेच्या प्रमुखाने तो दडवला तर त्यालाही शिक्षा होऊ शकते. त्रास देणारे मूलही अल्पवयीन असेल, तर त्याचे प्रकरण बाल न्याय मंडळापुढे जाते; ‘दुसऱ्या मुलाचे आयुष्य बरबाद होईल’ हा शाळेकडून येणारा युक्तिवाद ऐकताना हे माहीत असलेले बरे. मुलांची हेल्पलाइन १०९८ आणि आपत्कालीन क्रमांक ११२ आहे. नागपूर शहर पोलिसांच्या भरोसा सेलमध्ये महिला आणि मुलांशी संबंधित तक्रारींसाठी समुपदेशनासह मदत मिळते. मोबाईलवरील प्रकार राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर नोंदवता येतात, आणि मुलांसंबंधीच्या अश्लील मजकुराची तक्रार तेथे नाव न देताही करता येते.

मूल झोपत नसेल, जेवत नसेल, स्वतःला इजा करण्याचे बोलत असेल, तर तक्रारीच्या आधी उपचार. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक विनामूल्य आहे. मेडिकल, मेयो आणि एम्स या नागपुरातील तिन्ही सरकारी रुग्णालयांत मनोविकार विभागाची ओपीडी आहे.

आठवी पायरी: आपलेच मूल दुसऱ्या बाजूला असेल तर

शाळेतून आलेल्या फोनवर पहिले वाक्य ‘माझा मुलगा असे करणार नाही’ हे नसावे. काय घडले ते ऐकून घ्यावे, लिहून घ्यावे आणि मुलाशी बोलून दुसऱ्या दिवशी उत्तर देऊ असे सांगावे. मारझोड करू नये. घरी मार खाणारे मूल शाळेत तेच वापरते. घेतलेले पैसे किंवा वस्तू त्याने स्वतः परत करावी. माफी वर्गासमोर मागायला लावू नये, कारण त्यातून दोन्ही मुलांचा तमाशा होतो.

पालकांच्या व्हॉट्सॲप गटावर कोणत्याही मुलाचे नाव, छायाचित्र किंवा आडनाव घेऊन चर्चा करू नये. अशी चर्चा सुरू झाल्यास ‘हे शाळेत लेखी देऊ’ एवढे लिहून थांबावे. एकच अनुभव असलेले चार पालक एकत्र अर्ज देतात तेव्हा शाळा जागची हलते, आणि त्यासाठी चाळीस जणांच्या गटात आग लावावी लागत नाही.

नववी पायरी: शाळा बदलण्याचा विचार

बदल हा उपाय कधी कधी योग्य असतो, विशेषतः शाळेनेच मुलाला खोटे पाडले असेल तेव्हा. तथापि मुलाला तो शिक्षेसारखा वाटू नये, म्हणून नवी शाळा पाहायला त्याला सोबत न्यावे आणि शक्य असल्यास मधल्या सुट्टीच्या वेळी जावे. निकालाची टक्केवारी विचारण्याआधी मैदानावर किती शिक्षक उभे आहेत ते पाहावे. आठवी पूर्ण होईपर्यंत कोणत्याही मुलाला शाळेतून काढून टाकता येत नाही. त्यामुळे ‘तुम्हीच दाखला घेऊन जा’ असा तोंडी दबाव आल्यास तो लेखी मागावा. स्वतःहून दुसऱ्या सरकारी किंवा अनुदानित शाळेत जायचे ठरवले, तर शाळा सोडल्याचा दाखला मुख्याध्यापकांनी ताबडतोब देणे बंधनकारक आहे, आणि तो मिळण्यास उशीर झाला या कारणाने नवी शाळा प्रवेश लांबवू किंवा नाकारू शकत नाही. शासनाच्या पोर्टलवरील विद्यार्थ्याची नोंद हस्तांतरित करण्याची विनंती नव्या शाळेला करावी लागते; ती झाली की नाही, याची खात्री प्रवेशानंतर आठवडाभरात करून घ्यावी.